डाग वर

७ सप्टेंबर, रविवार

लोटगाडीची फळी निघता निघेना. शेवटी चाकावर पाय रोवून ओढली, तेव्हा निघाली आणि माझ्याच पायावर पडली. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गाडीनं ओळखलं तुला.

झालं असं — सकाळी धनुर्विद्या क्लबाचे समाधान सर धनुष्यं घेऊन आले. कशात? कांद्याच्या गोण्यांत! क्लबाचं मैदान आमच्या शेताला लागून, म्हणून सगळं सामान आमच्या शेडमध्ये पडतं. पावसाची ओल, वर उंदीर. ज्या धनुष्यावर पोरं राज्याच्या संघात जायची स्वप्नं बघतात ते कांद्याच्या गोणीत! सरांनी मोबाईलवर विकतच्या गाडीचा फोटो दाखवला. धनुष्याला खाचा, बाणांना नळ्या, खाली चाकं. म्हटलं, यात काय मोठं आहे, मी करते.

रवी तिथेच चहा पीत होता. (वहीत नावानं लिहिते, समोर 'अहो'च.) म्हणाला, "तू करणार? कशाची?"

मी शेडच्या कोपऱ्यात बोट दाखवलं.

"आईची गाडी आहे ती."

"मग? दोन वर्षं उंदरांना फिरायला ठेवली का?"

कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, उद्यापासून पित्तर लागतायत, नवं काम काढू नको, पंधरा दिवस थांब. थांबून कसं चालेल? आमच्या निकिताची पुण्याची निवड चाचणी ५ ऑक्टोबरला. रोज सराव, रोज ने-आण. आणि आज तर रात्री ग्रहणही आहे. मग मी वेध लागायच्या आत पहिली फळी काढून टाकली. आज सुरू झालं म्हणजे काम पित्तराच्या आधीचं. हिशोबात बसतं.

रवीला पटलेलं नाही. मला पुरतं पटलंय.

९ सप्टेंबर, मंगळवार

वडिलांची, नानांची, करवत मी लग्नात माहेराहून, सटाण्याहून आणली होती तेव्हा सगळे हसले होते. आता हसा म्हणावं. नाना शेतातली अवजारं स्वतः दुरुस्त करायचे, मी शेजारी बसून लाकूड धरायचे. हात विसरलेला नाही.

गाडीच्या फळ्या अजून मेथीच्या वासाच्या आहेत. रंधा मारला की वास जास्तच येतो. सगळ्या फळ्या पांढऱ्या निघाल्या, डाव्या कोपऱ्यातली तेवढी काळी. कितीही घासली तरी काळीच. कोपरा बदलायचा होता, पण तीच फळी सगळ्यात दणकट.

तो कोपरा सासूबाईंचा. चिमणाबाई म्हटलं की गंगेवरच्या भाजीबाजारात अजून लोक मान हलवतात. पाटीत न बघता हात घालायच्या आणि नेमका खराब निघालेला माल उचलून त्या कोपऱ्यात ठेवायच्या. तोही कसा — डाग वर करून. टोमॅटोची मऊ बाजू वर, वांग्याचं भोक वर. मी नवीन होते तेव्हा विचारलं, अहो, डाग खाली केला तर अर्ध्या भावात खपेल ना. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच कोपऱ्यात जाऊन बसावं.

"लपिवला का तो पिशवीत जातोच कुनाच्या तरी. दिसू दे."

बोटं कधी चुकली नाहीत हे मात्र कबूल करायला पाहिजे. मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. सगळे म्हणाले, किती माया! मला माहीत होतं — चाचपत होत्या.

१४ सप्टेंबर, रविवार

झाली! प्लास्टिकच्या नळ्या उभ्या कापून बसवल्या, बाणांसाठी. धनुष्यांच्या खाचांना जुन्या ब्लँकेटचं अस्तर. भाते आणि छातीचे गार्ड अडकवायला खुंट्या. पुढून दार, दाराला कडी. काळी फळी डाव्या कोपऱ्यातच आहे, वरच्या खणात. तिथे काही ठेवायची सोय नाही, तेवढी जागा मोकळी सुटली.

समाधान सर तिच्याभोवती दोनदा फिरले. निफाडचा माणूस, स्तुती करायची तरी शेत बघितल्यासारखी करतो. "ताई, गाडी लय भारी हाय. पन तुम्ही ह्यात मानूस बी बसवाल आसं वाटतं."

निकिता म्हणाली, मम्मी, क्लबातले सगळे जळतील. पोरगी माझ्याशी इतकं गोड बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती. निवड झाली तर वर्षभर बाहेर राहायचं, आणि मी "बघू" म्हणते याचा राग आहे तिला. मी बघूच म्हणणार. एकुलती एक आहे.

ढकलताना एक गोष्ट लक्षात आली. सासूबाईंची गाडी कायम डावीकडे ओढायची, शिव्या देत सरळ करायच्या. चाकं नवीन घातली. तरी ओढतेच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दार उघडलं तर निकिताचा एक बाण नळीत नाही, डाव्या कोपऱ्यात आडवा. बोलले तिला, स्वतःचं सामान धड ठेवता येत नाही का. म्हणते, नळीतच ठेवला होता. ठेवला असेल हो!

१७ सप्टेंबर, बुधवार

आज परत. तोच बाण. पिसांना तिने हिरवी पट्टी लावलीये म्हणून ओळखू येतो. काल मी स्वतः नळीत टाकला होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार



बाण तिसऱ्यांदा कोपऱ्यात. निकिता वैतागून तो उचलायला गेली आणि सवयीने दोन्ही हातांनी वाकवून कानाशी नेला. कार्बनचे बाण असे तपासतात. तडा असेल तर बारीक करकरतं. तिचा चेहराच उतरला. मलाही ऐकवलं. करकरत होतं. केसाएवढी चीर, बोटभर लांब.

"मम्मी, हा सोडला असता तर फुटून हातात घुसला असता."

सरांनी बाण तिथेच मोडून टाकला. सगळे म्हणाले, नशीब. मी म्हटलं, हो, नशीब.

कोपऱ्यात पडला होता तेव्हा चीर वरच्या बाजूला होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. बाण गोल असतो. कसाही पडू शकतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सासूबाईंसाठी पान वाढलं, त्यांना आवडायची तशी जाड भाकरी, मेथी, भेंडी. रवीने पान शेडच्या पत्र्यावर ठेवलं. कावळा लगेच आला. सगळं नेलं, एक भेंडी ठेवली. मी शिडी लावून चढले — रवी खालून ओरडतोय, वेडी झालीस का — आणि ती भेंडी मोडून बघितली.

किडकी होती. मीच चिरली होती, मला दिसली नव्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवले. पित्तर संपले, म्हणून जरा मोकळं वाटत होतं. दुपारपर्यंत.

दुपारी सर सरावाला आले. त्यांच्या धनुष्याचं खालचं पातं — जे वाकतं आणि बाणाला जोर देतं ते — कोपऱ्यात काढून ठेवलेलं. सर मला म्हणाले, "ताई, माझं पातं का काढलं? मी सोता खाचेत लावलं व्हतं." मी म्हटलं, ते पातं वापरू नका. ते हसले. म्हणाले, दोन महिन्यांपूर्वीच घेतलंय.

मी उचलायच्या आधी नीट बघून घेतलं. आतली बाजू वर. मी बोट फिरवत गेले तर मधोमध पापुद्रा सुटल्यासारखा लागला. नखाने उचलला गेला. सरांचं हसू गेलं. ते पातं ताणावर असताना तुटलं असतं तर तोंडावर आलं असतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

 म्हटलं, भाजीवाल्याच्या घरात हाताला सवय होते.

रवीला मात्र रात्री जेवताना सगळं सांगितलं. घास हातात तसाच. मग इतकंच म्हणाला, "आई कधी चुकली नाही." आणि जेवायला लागला! जणू पाऊस पडतोय म्हणून सांगावं.

मला भीती वाटते असं म्हणणार नाही. पण गाडी उघडताना आता मी आधी खाकरते.

२४ सप्टेंबर, बुधवार

निकिताचा चेस्ट गार्ड फाटला. धनुष्याची तार छातीला, कपड्याला अडकू नये म्हणून डाव्या छातीवर पट्ट्यांनी बांधतात तो. नवीन मीच शिवला, मशीन कशाला आहे घरात? जाळीचं कापड, आत मऊ सुती अस्तर. निकिता कॉलेजात होती म्हणून स्वतःच्या अंगावर बांधून माप घेतलं. मायलेकींचा बांधा एकच, ब्लाऊजही एकमेकींना होतात. आरशात बघितलं तर कोण मोठी धनुर्धर उभी! हसले एकटीच.

खुंटीवर अडकवून ठेवला. उद्या घालेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गार्ड कोपऱ्यात. अस्तर वर.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल तो निकिताला घालू दिला नाही, जुन्यालाच टाके मारून दिले. नव्याचं अस्तर उसवलं. सुईचं टोक राहिलंय का, कापडात काही आहे का, उन्हात धरून बघितलं. काही नाही. परत शिवला, परत अंगावर चढवून बघितला, व्यवस्थित बसला. गाडीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कनवटीला.

आज सकाळी कुलूप जसंच्या तसं. उघडलं. गार्ड कोपऱ्यात, अस्तर वर. सपाट पसरून ठेवलेला, सुरकुती नाही. सासूबाई असाच हात फिरवायच्या कोबीच्या पानावर.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. सराव नाही. विचार करायला भरपूर वेळ, तोच नको होता.

गार्डमध्ये डाग नाही. मी धागा न् धागा बघितला. मग डाग कुणाचा? अंगाला लागणारी बाजू वर आहे. डावी बाजू. छाती.

निकिता मागच्या आठवड्यात म्हणाली होती — मम्मी, सोडायच्या आधी धडधडतं फार. मी म्हटलं होतं, परीक्षेच्या आधी सगळ्यांनाच होतं, दूध पीत जा. दूध पीत जा!

रवीला सांगितलं. त्याने या वेळी "आई कधी चुकली नाही" म्हटलं नाही. उठून पोरीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती झोपली होती. तो तिचा श्वास बघत होता. मीही मागे जाऊन उभी राहिले.

२८ सप्टेंबर, रविवार

सांगितलं निकिताला. डॉक्टरने छाती तपासून हो म्हटल्याशिवाय पुण्याला जायचं नाही.

भयंकर भांडली. "तुला मला पाठवायचंच नाहीये. आधी बघू बघू, आता आजारी पाड. गार्ड तूच तिथे ठेवतेस, किल्ली तुझ्याकडेच असते!"  किल्ली माझ्याकडेच असते. मी रात्री उठून जात असेन का? मला कळत नसेल का? थोडा वेळ खरंच वाटलं, तसंच असावं. तसं असलेलं मला चालेल. वेडी आई चालेल, पण पोरीला काही निघायला नको.

संध्याकाळी सटाण्याहून आईचा फोन. आवाजावरून ओळखलं तिने. "तुनी तब्येत बरी शे ना, माय?" म्हटलं, मला काय धाड भरलीये, निकिताची काळजी आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

सगळं करून आलो. ईसीजीची पट्टी काढली, पडद्यावर हृदय बघितलं, पळवून बघितलं. डॉक्टर म्हणाले, इतकं ठणठणीत हृदय आठवड्यात एखादंच येतं, खुशाल पाठवा. मी परत परत विचारलं. शेवटी ते रवीकडे बघून बोलायला लागले.

रिक्षात मी रडले. निकिता बाहेर बघत होती. मी तिचा हात धरला; तिने माझा धरला नाही, पण काढूनही घेतला नाही.

घरी आल्यावर मात्र डोकं फिरलं माझं! सरळ शेडमध्ये गेले आणि गाडीला म्हटलं, जिवंतपणी छळलंत ते कमी होतं का? लेकराच्या नावानं भीती दाखवता? चुकलात तुम्ही या वेळी. चुकलात. आणि करवत घेतली, ती काळी फळीच कापून काढणार होते. दाते दोनदा फिरवले, तिसऱ्यांदा मेथीचा असा दाट वास आला की करवत खाली ठेवली. शेडमध्ये मेथी नाही. या महिन्यात आम्ही लावलीही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. धनुष्यं, बाण, नानांची करवत, शिलाई मशीन, सगळं मांडून पूजा केली. गाडीला हळदकुंकू वाहताना मनात राग होता. असू दे. देवांवरही रागावतो की आपण.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. गाडीला झेंडूची माळ. निकिताने आपट्याची पानं हातात दिली, पाया पडली आणि तशीच बिलगून राहिली. म्हणाली, सॉरी मम्मी. मी म्हटलं, बघू नाही, जाच. निवड झाली तर वर्षभर राहा तिकडे, मी डबे पाठवीन. हे म्हणायला मला किती दिवस लागले!

सरांनी तिच्यासाठी विकतचा गार्ड आणलाय. तो परवापासून खुंटीवर आहे, जागचा हललेला नाही. तिचं बाकीचंही सगळं जागच्या जागी.

४ ऑक्टोबर, शनिवार

निकिता आणि सर पहाटे पुण्याला गेले. तिचं सामान गेलं, गाडी अर्धी रिकामी. मी शिवलेला गार्ड काल हट्टानं परत खुंटीला लावला होता. आता कोणासाठी सांगणार म्हटलं, पोरगी तर ठणठणीत.

दुपारी झाडायला गेले. कोपऱ्यात. अस्तर वर.

झाडू दाराला टेकवला. मग एकदम लक्षात आलं, आणि ते इतकं साधं होतं की हसूच यायला पाहिजे होतं. हा गार्ड निकिताने एकदाही घातलेला नाही. मी घालूच दिला नाही तिला. तो एकीच्याच अंगाला लागलाय.

५ ऑक्टोबर, रविवार

निकिताचा फोन आला. निवड झाली! मागून सर ओरडत होते. मीही ओरडले, तिला काही कळू दिलं नाही.

सकाळी अंघोळीला बसले तेव्हा हात लावून बघितलं होतं. डावीकडे, काखेच्या बाजूला. वाटाण्याएवढी गाठ. दुखत नाही. दुखली असती तर आधीच कळलं असतं.

रवीला सांगितलं. त्याने एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली उद्याची ड्युटी बदलून घेतली. आम्ही डॉक्टरकडे जातोय.

मग शेडमध्ये गेले, गार्ड काल कोपऱ्यातच सोडून आले होते. खाकरले नाही. दार उघडलं. कोपरा रिकामा होता. गार्ड खुंटीवर होता, नीट अडकवलेला.